पार्कात मेटल डिटेक्टर फिरवायला परवानगी लागते का? (मुक्काम सरे, इंग्लंड)

सदा_सरेकर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात चाळिशी झाली. बायकोने वाढदिवसाला सेकंडहँड मेटल डिटेक्टर आणून दिला. "सोफ्यावर लोळून पाठ दुखते म्हणतोस ना, जा आता जमिनीत डोकं घाल," असं म्हणून. प्रेमानेच म्हणाली.

शनिवारी सकाळी सातला घराजवळच्या पार्कात गेलो. दोन तासांत कोल्ड्रिंकच्या कॅनच्या अकरा कड्या, चॉकलेटची चांदी, एक पौंडाचं नाणं आणि वीतभर खाली पाचव्या जॉर्जची १९१२ सालची पेनी! खोटं सांगत नाही, हात थरथरत होते. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी खिशातून पडलेली पेनी आणि तिला पहिला हात माझा.

तेवढ्यात कुत्रा फिरवणारे एक आजोबा आले. "परमिशन आहे ना?" म्हटलं, पब्लिक पार्क आहे. ते नुसतं "हं" म्हणून गेले. पाऊण तासाने काउन्सिलची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) गाडी हजर. माणूस सभ्य होता, पण म्हणाला, खड्डे बुजवा आणि आवरा. आजूबाजूला चार माणसं बघत उभी. खरं सांगू का, माझ्या जागी गोरा असता तर थांबवलं असतं का, हे मनात आलंच.

आता मला सांगा, वर्षाला दोन हजार पौंडांच्या वर काउन्सिल टॅक्स भरतो. मग पार्क माझाही नाही का? आणि डिसेंबरात पुण्याला येतोय, गाव गडाच्या पायथ्याशी आहे. मशीन बरोबर आणू म्हणतोय. कुणाला अनुभव?

कोपऱ्यातला_बाक

रुमाल टाकून ठेवतो. अकरा कड्यांबद्दल हाबिणंदन. भंगारात बरा भाव येईल.

यॉर्कशायरकर

सदाभाऊ, नऊ वर्षं हेच करतोय, त्यामुळे लांबण लावणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या मनात आलं त्याबद्दल. मलाही पहिल्या वर्षी हटकलं होतं आणि मलाही तेच वाटलं होतं. पुढे डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात गेलो तेव्हा कळलं, तिथल्या प्रत्येकाला कुठे ना कुठे हटकलेलं आहे, आणि त्या क्लबात मी सोडून सगळे गोरे. काही वेळा रंग बघून हटकत असतीलही, नाही कशाला म्हणू? पण या वेळी आजोबांचा प्रश्न रास्त होता.

इथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला धनी आहे. पार्क काउन्सिलचा. ज्याला 'कॉमन' म्हणतात त्यालाही मालक असतो, नावावर जाऊ नका. शेतातून जाणारी पायवाट तुम्हाला चालायला दिलेली असते, खणायला नाही. नॅशनल ट्रस्टच्या (जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारी संस्था) जागेत बंदी, लंडनच्या रॉयल पार्कांत बंदी. काउन्सिलांचं म्हणाल तर बऱ्याच जणी सरळ नाही म्हणतात, काही जणी लेखी परवानगी देतात: अमुक मैदान, अमुक महिने, खेळपट्टीवर नाही. म्हणून आधी ईमेल करायचा, उत्तराची प्रिंट खिशात ठेवायची आणि मगच मशीन गाडीत टाकायचं. 'कुणी विचारलं तर बघू' हा आपला देशी खाक्या इथे चालत नाही.

जिथे चुकूनही जायचं नाही ती जागा म्हणजे संरक्षित स्मारक. १९७९ च्या कायद्याप्रमाणे तिथे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या संमतीशिवाय डिटेक्टर नुसता वापरणं हाच गुन्हा. खड्डा केला नाही, काही सापडलं नाही, तरी गुन्हा. आणि अशी जागा दरवेळी किल्ल्यासारखी दिसत नाही. कधी ती गुरं चरतात तो साधा उंचवटा असते. नकाशा बघितल्याशिवाय पाय टाकू नका.

आता खड्ड्याबद्दल. तुम्ही कसा खणलात ते लिहिलं नाहीत, पण पहिल्या दिवशी सगळेच बटाटे काढल्यासारखे खणतात. गवतावर तीन बाजूंनी कापायचं, घोड्याच्या नालासारखं, चौथी बाजू तशीच ठेवायची आणि ती चकती पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी उलटायची. मुळं एका बाजूने जोडलेली राहतात म्हणून गवत जगतं. निघालेली माती गवतावर नाही टाकायची, बरोबर नेलेल्या फडक्यावर टाकायची. पिनपॉइंटरने (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) वस्तू काढा, फडक्याची सगळी माती परत आत, चकती बंद, वरून पायाने दाबा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला स्वतःला जागा सापडली नाही पाहिजे. आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली असेल तर खणूच नका, कितीही नीट झाकलंत तरी पिवळा ठिपका राहतो. असे चाळीस ठिपके बघूनच काउन्सिलवाले सगळ्यांना बंदी करतात.

कचरा निघाला तर तोही घरी न्यायचा. कड्या परत पुरू नका, पुढच्या वेळी त्याच परत वाजतात.

कोपऱ्यातला_बाक

टॅक्सच्या मुद्द्याबद्दल एवढंच, की टॅक्स भरतो म्हणून आपण तहसील कचेरीतला पंखा काढून घरी नेत नाही. हलकेच घ्या.

वकीलीणबाई

बाकराव, विनोद केलात पण कायदाही जवळपास तेच म्हणतो, आणि खटला नेमका सदाभाऊंच्या सरे काउंटीतलाच आहे.

१९९२ मध्ये फार्नम पार्कात एका डिटेक्टरवाल्याला साधारण नऊ इंच खाली मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच सापडला. त्याने लपवला नाही, रीतसर कळवला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे तो 'ट्रेझर' (सरकारचा हक्क लागणारा खजिना) ठरला नाही, म्हणून वस्तू त्याला परत मिळाली. मग काउन्सिलने दावा लावला: वेव्हर्ली बरो काउन्सिल विरुद्ध फ्लेचर. खालच्या कोर्टात तो जिंकला. १९९५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने निकाल फिरवला आणि ब्रोच काउन्सिलला दिला.

कारण असं की जमिनीवर सुटी पडलेली वस्तू वेगळी आणि जमिनीत रुतलेली वेगळी. रुतलेली वस्तू जमिनीचाच भाग धरतात, तिच्यावर जमीनमालकाचा हक्क सापडवणाऱ्याच्या आधी. शिवाय लोकांना पार्कात येऊ दिलंय ते फिरायला, खेळायला. खणायला लागलात की दिलेल्या मुभेच्या बाहेर गेलात, म्हणजे तेवढ्यापुरता अनधिकृत प्रवेश.

तेव्हा सदाभाऊ, वीतभर खालून काढलेली ती १९१२ ची पेनी कायद्याने तुमची नाही. काउन्सिलची आहे.

सदा_सरेकर

काय सांगता! पेनी?? आईने ती देवघरात ठेवलीय. (आई सहा महिन्यांसाठी आलीय.)

कोपऱ्यातला_बाक

काउन्सिलची मालमत्ता देवघरात. आता प्रसादही त्यांना पाठवा.

आयरिश_चहा

डब्लिनहून. इंग्लंडचा हा धागा वाचून आयर्लंडमधलं कुणी उत्साहाने मशीन मागवायच्या बेतात असेल तर थांबा. इथे १९८७ पासून पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर सरकारची लेखी संमती लागते, शेत तुमच्या सख्ख्या मित्राचं असलं तरी. उत्तर आयर्लंडमध्येही असल्या वस्तू शोधण्यासाठी खणायला परवाना लागतो. स्कॉटलंडचा कायदा आणखी निराळा, तिथे जुनी वस्तू सोन्याची असो की शिशाची, कळवावीच लागते. 'यूकेत चालतं' असं सरसकट कुणाला सांगू नका.

यॉर्कशायरकर

आयरिशताई, बरं झालं लिहिलंत. मी वर लिहिलं ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं.

सापडल्यावर काय करायचं तेही टाकून ठेवतो. इथे १९९६ चा ट्रेझर कायदा आहे. तीनशे वर्षांहून जुनी आणि निदान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एका ठिकाणी सापडलेली दोन किंवा जास्त जुनी सोन्या-चांदीची नाणी (तांब्यासारख्या स्वस्त धातूची असतील तर दहा), हे 'ट्रेझर'. २०२३ पासून दोनशे वर्षांपुढच्या, पण देशाच्या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या. चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा प्रकरणांची चौकशी करणारा न्यायाधिकारी) कळवायचं. व्यवहारात आपण आपल्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) फोन करतो, पुढचं ते बघतात. ट्रेझर नसलेल्या वस्तूही त्यांना दाखवाव्यात. नोंद करून परत देतात, पैसे घेत नाहीत.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात मालकाची परवानगी घेऊन फिरणाऱ्या माणसाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा मिळाला. त्याने कळवलं. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड, आणि ती शोधणारा आणि शेतमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली गेली. २०१५ मध्ये लेमस्टरजवळ दोघांना वायकिंग काळातला साठा मिळाला. त्यांनी तो कळवला नाही, नाणी गुपचूप विकायला काढली. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. बहुतेक नाणी गायबच आहेत. त्यातल्या काही नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा सेओलवुल्फ (इंग्लंडातल्या तेव्हाच्या दोन राज्यांचे राजे) शेजारी शेजारी बसलेले आहेत. म्हणजे पुढच्या इतिहासाने ज्या सेओलवुल्फला किरकोळीत काढलं तो आल्फ्रेडच्या बरोबरीने राज्य करत होता, असं ती नाणी सांगतात. आता हे वाचून पोटात तुटतं की नाही सांगा.

गडवेडा

इंग्लंडचं काय ते चालू द्या. मला धाग्याच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय. सदाभाऊ, ते मशीन पुण्याला आणू नका. आणलंत तरी गडाकडे फिरकू नका. हात जोडून सांगतो.

गेल्या पंधरा वर्षांत गडांवर काय बघितलंय ते लिहायला बसलो तर रात्र जाईल. बालेकिल्ल्यावर जोत्याच्या मधोमध कमरेइतका खड्डा, शेजारी लिंबू-कुंकू. सदरेची फरसबंदी उचकटलेली. टाक्याच्या भिंतीत पहारीचे घाव. गुप्तधनवाले पूर्वी मांत्रिक आणायचे, आता मशीन आणतात, एवढाच फरक. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाखाली काय झालं ते आठवा. सिनेमा बघून शेकडो लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणायला उतरले, मुघलांचं सोनं म्हणे! दुसऱ्याच्या शेताची चाळण.

आणि त्यातून हाती काही लागलंच तरी त्याचं मोल खड्ड्याबाहेर काढताच निम्मं संपतं. तोफेचा गोळा तटाच्या आत होता की बाहेर, कुठल्या थरात, कुठल्या बुरुजासमोर, यावरून वेढा कुठून पडला ते कळतं. तो गोळा तुमच्या दिवाणखान्यात आला की नुसतं लोखंड.

सदा_सरेकर

अहो, मी काही खजिना काढायला येत नव्हतो. पायथ्याला आमचंच शेत आहे, तिथे फिरवावं म्हटलं, पोरांना मजा. पण वाचून खजील झालो.

शिवराई

कोल्हापूरहून. नाण्यांचा नाद आहे म्हणून यातलं थोडं ठाऊक आहे.

सदाभाऊ, स्वतःच्या शेतात असलं तरी आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची. दहा रुपये हा आकडा १८७८ चा, तो बदललेला नाही, तेव्हा आज एक नाणंसुद्धा त्यात बसतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद. मग चौकशी होते. धनी मिळाला नाही आणि सरकारने घेतलं नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारने घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त धरून मोबदला.

हे झालं नांगरताना अवचित सापडलं तर. मुद्दाम शोधायला गडावर जाणं हा निराळा मामला. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग केंद्राकडे, त्यांना प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा. राजगड राज्याकडे, तिथे महाराष्ट्राचा १९६० चा कायदा. खाली उतारावर बहुतेक ठिकाणी वनखातं. यातलं कुणीच हौशी माणसाला खणायची परवानगी देत नाही आणि देऊही नये. त्यात २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात.

आणि गडवेडा, ते लिंबू-कुंकूवाले २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही येऊ शकतात. गुप्तधनाच्या नावाखालची अघोरी कृत्यं त्याच्या अनुसूचीत आहेत.

आमच्या आजोबांच्या शेतात विहिरीच्या कामात गाडगं निघालं होतं, शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी नाणी, होत्या, किलोभर असतील. गावाने सल्ला दिला, वाटून घ्या, कोण विचारतंय. आजोबांनी तलाठ्याला बोलावून पंचनामा केला. वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले हे खरं, चपला झिजल्या. मोबदला आला तो बसच्या तिकिटांतच गेला असेल. आजी मरेपर्यंत टोमणे मारायची.

मावळतीचा_वारा

शिवराईताई, म्हणूनच लोक कळवत नाहीत. आम्ही गडावर श्रमदानाला जातो. टाकं उपसताना गोळा मिळाला, जागेवरच ठेवला, फोटो काढले, संबंधित कचेरीला पत्र दिलं. चार महिने कुणी आलं नाही. पाचव्या महिन्यात गोळाच नाही. आता सांगा, आम्ही उचलून खाली देवळात ठेवला असता तर काय बिघडलं असतं? नियम पाळला म्हणून गोळा गेला.

गडवेडा

बिघडलं असतं. आज तुम्ही देवळात ठेवता, उद्या दुसरा 'सुरक्षित ठेवतो' म्हणून घरी नेतो. फरक कसा करायचा?

मावळतीचा_वारा

देवळात सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर राहतो. घरात राहत नाही. हा फरक पुरेसा नाही?

गडवेडा

नाही पटत. पण चार महिने कुणी न येणं हेही पटत नाही. असो. पुढच्या वेळी ग्रामपंचायत आणि पोलीसपाटील यांच्यासमोर पंचनामा करून तिथेच सही-शिक्का घ्या, आणि पत्राची पोच घ्या. निदान कागद राहील.

नाशिकची_पोर

अवांतर: रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरं बघितलीत ना? हल्लीची नाणी चिकटतात म्हणून जमतं. त्यांना कुणी परवानगी विचारत नाही. आणि सराफ बाजारात पहाटे गटारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी, ते तर डिटेक्टरच्या कितीतरी आधीपासूनचे. माझ्या आजोळी एक झारेकरी दुकान झाडण्याआधी सराफाला विचारायचे, माती नेऊ का म्हणून. रोज. पन्नास वर्षं तेच दुकान, तरी रोज.

यॉर्कशायरकर

झारेकऱ्यांचं फार आवडलं. क्लबात सांगणार.

सदाभाऊ, पार्काचा नाद सोडा. समुद्रावर जा. इथल्या किनाऱ्याचा भरती-ओहोटीमधला जवळजवळ निम्मा पट्टा क्राउन इस्टेटचा (राजसत्तेच्या नावावरच्या जमिनी सांभाळणारी संस्था) आहे आणि तिथे डिटेक्टरला वेगळा परवाना लागत नाही, अटी पाळायच्या. उरलेला काउन्सिलचा, ट्रस्टचा किंवा खाजगी, तिथे विचारायचं. बुडालेल्या जहाजाचं काही मिळालं तर अठ्ठावीस दिवसांत रिसीव्हर ऑफ रेकला (बुडालेल्या जहाजांच्या मालाचं बघणारा सरकारी अधिकारी) कळवायचं. थेम्सच्या काठी मात्र उतरू नका. तिथे पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो, नुसतं डोळ्यांनी शोधायलासुद्धा.

आणि दुसऱ्या महायुद्धातलं काही वाटलं, बॉम्बच्या आकाराचं, गंजलेलं, तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवायची, लांब जाऊन पोलिसांना फोन. आमच्या क्लबातल्या एकाने तसली वस्तू गाडीच्या डिकीत घालून पोलीस स्टेशनात नेली होती. अख्खी गल्ली रिकामी करावी लागली.

सदा_सरेकर

धागा वर काढतोय. महिन्याभराचा वृत्तांत.

काउन्सिलला ईमेल केला. पार्कात परवानगी हवी, शिवाय आधी न विचारता खणलं त्याबद्दल माफी, आणि एक पेनी नि एक पौंड सापडला तो कुणाकडे जमा करू. दहा दिवसांनी उत्तर: डिटेक्टरला परवानगी नाही, कळवल्याबद्दल आभार, नाणी ठेवा. वकीलीणबाई, ईमेलची प्रिंट काढून ठेवलीय!

मग शेतकरी शोधायला लागलो. सहा जणांना पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. यॉर्कशायरकरांनी खाजगी निरोपात सांगितलं, पत्र नको, समक्ष जा. दिवाळी होती. आईच्या चकल्यांचा डबा घेऊन सातव्या शेतकऱ्याच्या दारात उभा राहिलो. म्हातारबुवांनी आधी चकली खाल्ली, मग मशीनकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे. म्हणाले, पेरलेल्या वावरात पाय नाही टाकायचा, फाटक जसं असेल तसं ठेवायचं (उघडं असेल तर उघडंच, हे मला नवीन होतं), आणि दोस्तमंडळी आणायची नाहीत. 'काही सापडलं तर निम्मं' असं मीच एका कागदावर लिहून नेलं होतं, दोघांनी सह्या केल्या. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्वही घेतलं, त्यात एक कोटी पौंडांचा दायित्व विमा येतो. तो कागद बघून म्हातारबुवा जरा सैलावले.

आतापर्यंत मिळालेलं: शिशाची बंदुकीची गोळी, पितळी बकल अर्धं, बटणं सात, नांगराचे तुकडे मोजले नाहीत. फाइंड्स लिएझन ऑफिसर बाईंना गोळी आणि बकल दाखवलं. बकल बघून त्या "ओह, नाइस" म्हणाल्या, त्यावर मी आठवडा काढला. आठवड्याने म्हातारबुवांना सगळं टेबलावर मांडून दाखवतो. त्यांना बटणांतच जास्त रस. त्यांच्या आजोबांच्या कोटाचं एक असेल म्हणतात.

डिसेंबरात येतोय, मशीन इथेच ठेवून. गडवेडा, श्रमदानाला येऊ का? फावडं चालवायचा सराव झालाय.

गडवेडा

या की. दुसरा रविवार. फावड्यापेक्षा घमेली उचलायला माणसं लागतात.

शिवराई

सदाभाऊ, त्या पेनीचा फोटो टाका ना. १९१२ च्या काही पेनींवर सालाच्या डाव्या बाजूला बारीक 'एच' असतो, बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. भिंगातून बघा. आणि कृपा करून नाणं घासू नका. वरचा तपकिरी थर म्हणजे त्याचं वय, तोच गेला तर संग्राहक ढुंकून बघत नाहीत.

सदा_सरेकर

ताई, उशीर झाला. दिवाळीत देवाच्या भांड्यांबरोबर आईने तिलाही चिंच-मीठ लावलं. राजाचं नाकसुद्धा चमकतंय. 'एच' होता की नाही ते आता आईलाच माहीत.